इरफानच्या मापाचं पाणी

नजमाआपांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचं डोकं पिंपात होतं.

आम्ही नुकतेच भोरच्या त्या आळीत राहायला आलो होतो. विरजणाला चमचाभर दही मागावं म्हणून मी वाटी घेऊन शेजारचं दार ढकललं. अंगणात निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर एक बाई ओणवी झाली होती. तिचं तोंड पाण्यात, कानामागून वर आलेली एक नळी, आणि त्या नळीतून भात्यासारखा फसफस येणारा श्वास. मी वाटी टाकून किंचाळले. बाईंनी डोकं वर न काढता नुसता पंजा दाखवला. थांब. मी थांबले, कारण असं काही सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही. मग डोकं वर आलं. त्यावर काळ्या रबराचा, निम्मं कपाळ झाकणारा चष्मा.

"वरडतीस कशाला गं? मासे पळतील न्हवं का."

पिंपात मासे नव्हते. नगरपालिकेचं पाणी होतं, तेही एक वेळ येणारं.

नजमाआपा मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. माहेर किकवीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वय पन्नाशीच्या पलीकडे. घरात त्या आणि त्यांची पायमशीन. एकुलता एक मुलगा इरफान मस्कतला. हा मुलगा भाटघरच्या धरणात पोहून पोहून इतका तरबेज झाला, की धरणाच्या दरवाजांच्या कामाला आलेल्या एका ठेकेदारानं त्याला पाणबुड्या करून टाकला. तिथून मुंबई आणि मुंबईहून मस्कतचं बंदर. जहाजांच्या बुडाशी जाऊन तो काय ते घासायचा, खरवडायचा. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. पहिल्या सुट्टीआधी त्यानं फोनवर विचारलं, "अम्मी, काय आणू?" बाकीच्यांच्या आया घड्याळ मागतात, ब्लँकेट मागतात. आपा म्हणाल्या, "तू पाण्यात जे घालतोस ते आण." सगळा संच काही त्याला आणता येईना, म्हणून त्यानं चष्मा आणि नळी आणली.

तेव्हापासून आपांना तो नाद लागला. मस्कतहून फोन आला की खुशाली वगैरे दोन वाक्यांत उरकायच्या आणि विचारायच्या, "पाणी कसं हाय रं तिथलं?" इरफान सांगायचा, निळं आहे अम्मी, काचेसारखं आहे, पोपटी मासे आहेत, पिवळ्या पट्ट्यांचे आहेत. मग आपा आळीभर सांगत सुटायच्या, "माजा इरफान माशांच्या घोळक्यात बसून काम करतो." आपलं पोरगं बघतं तसं पाणी आपल्या मुलखात कुठं आहे ते हुडकायचं, आणि तो सुट्टीवर आला की त्याला नेऊन त्यात उतरवायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. "माज्या पोरानं म्हणलं पायजे, अम्मी, पाणी निवडावं तर तू." बस, एवढंच त्यांना हवं होतं आणि त्यासाठी त्यांनी आमची सगळी आळी कामाला लावली.

शिकलेली माणसं याला स्नॉर्कलिंग म्हणतात. आमच्या आळीत याला 'नळीला जाणं' म्हणत. दिवाळी आटोपली की बायका नळावर विचारायच्या, "यंदा नळीला कुठं?" आणि मग एक भाड्याची ट्रॅक्स जीप ठरायची, वरंधा घाटानं कोकणात उतरायची, आणि आपा खिडकीशी बसून पाण्यात नापास करायला नवीन गाव शोधायच्या.

नापास करायची त्यांची पद्धत ठरलेली होती. एका पांढऱ्या बशीला कडेनं भोकं पाडून त्यांनी परकराची लांबलचक नाडी बांधली होती. खडकावर बसून किंवा होडीतून ती बशी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. हातभर खाली गेल्यावर बशी गायब झाली की आपा नाडी गुंडाळायच्या. "शेंबडं पाणी. चला." मग तिथं खोली कितीही चांगली असो, सोलकढी कितीही गुलाबी असो, ते गाव बाद.

बाकीच्या अटी शिवणाच्या भाषेत असायच्या. "तळाला अस्तर कसलं हाय ते बगा. वाळूचं अस्तर पायजे, चिखलाचं न्हाई." "हितं लाटांची शिलाई लई टिपेची हाय, बाई माणूस उभं ऱ्हानार न्हाई." पाणी कसं हवं, तर इस्त्री केल्यासारखं. नदीच्या मुखाशी मुक्काम म्हटलं की त्या हातच जोडायच्या. "नदी समद्या गावांचा केर भरून तिथं नेऊन टाकती. त्यात तोंड कोण घालंल?" नुसती वाळूही चालायची नाही, एका अंगाला खडक पाहिजे. "मासे काय उघड्या माळावर ऱ्हातात व्हय? त्यांना बी आडोसा लागतो."

आमच्यातल्या शोभाताईंना यातलं काहीच पटायचं नाही. त्यांच्या मते समुद्र हा गॅलरीतून बघायचा असतो. "चार देवळं असावीत, उकडीचे मोदक असावेत, संध्याकाळी भेळ असावी. हे पाण्यात तोंड घालून काय उलटं टांगून घ्यायचं?" असं म्हणत दरवर्षी ट्रॅक्समध्ये पहिली जागा धरायच्या मात्र त्याच.

सराव किकवीला व्हायचा, आपांच्या भावाच्या विहिरीत. ट्रकची एक जुनी ट्यूब हवा भरून विहिरीत सोडलेली असायची, तिला आम्ही चौघी-पाचजणी लटकायचो. आपा वरच्या पायरीवर बसून हुकूम सोडायच्या. कपडेही त्यांनीच शिवले होते. अंगभर कुडता, घोट्याला इलॅस्टिक लावलेली सलवार. पाण्यात कुडता फुगून वर येऊ नये म्हणून घेराच्या दुमडीत त्यांनी भोई लोकांच्या जाळ्याची शिशाची वजनं ओवली होती. शोभाताईंचा घेर मोठा, म्हणून वजनं जास्त पडली आणि पहिल्या दिवशी त्या पायरीवरून उठेचनात. "आपा, मला समुद्र दाखवायचाय का तळ?" असं त्यांनी विचारलं. आपांनी गंभीरपणे दोन वजनं उसवली.

दापोलीच्या बाजूचा प्रसंग तर आळीत अजून सांगतात. तिथं संध्याकाळी बशी चांगली खोलवर दिसली. आपा खूश. सकाळी चहा घेऊन आम्ही सगळ्या कुडते-सलवारी चढवून, गळ्यात पुण्याहून मागवलेले चष्मे-नळ्या अडकवून, शिशाची वजनं खुळखुळवत किनाऱ्यावर आलो. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण ते क्षितिजाच्या बाजूला कुठं तरी गेलेलं. काल बशी सोडली होती तिथं नुसते ओले खडक, शेवाळ, आणि तिरके पळणारे खेकडे.

आपा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग समोर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला त्यांनी खडसावलं, "पाणी कुणी सोडलं?"

कोळ्यानं जाळं खाली ठेवलं.

"काल हितं पाणी व्हतं. आवर्तन हाय का आज? तुमचा इंजिनेर कुठं बसतो?"

हसू नका. आमचा जन्म धरणाकाठचा. आमच्याकडे पाणी एका रात्रीत खाली गेलं तर कुणीतरी दरवाजा उचललेला असतो. त्याला विचारायला एक चौकी असते, चौकीत एक माणूस असतो, आणि त्याच्याशी भांडता येतं. पाणी आपलं आपण निघून जातं हे आम्हांला कोण सांगणार?

"ओहोटी लागली हो बाई," कोळी म्हणाला. "कोण कशाला सोडतंय? चंद्रावर चालतं ते."

आपांनी त्याच्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं. "चंद्र आमच्याकडं बी हाय की! आमचं धरण न्हाई गेलं कधी असं."

कोळ्यानं पुन्हा जाळ्यात मान घातली, आणि आपा वादात जिंकल्या. शोभाताई मात्र त्या खडकावर बसून परत जाईपर्यंत "तरी मी म्हणत होते" एवढंच म्हणत होत्या.

पण आपा अशा गोष्टीनं खचणाऱ्या नव्हेत. घरी आल्यावर त्या चंद्राच्या मागे लागल्या. त्यांच्या भिंतीवर त्यांचं चांदाचं कॅलेंडर होतं, माझ्या भिंतीवर तिथीवारांचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांनी असा शोध लावला, की अमावास्या-पौर्णिमेला समुद्र पिसाळतो आणि अष्टमीच्या सुमाराला गप्प बसतो. येणंजाणं कमी, त्यामुळं पाणी निवळतं. कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार, पण भोरमध्ये तो आपांचा शोध होता. त्यानंतर आमची सहल फक्त अष्टमीला. माझ्या यजमानांनी रजेच्या अर्जात कारण 'अष्टमी' असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, "कुठली? दुर्गाष्टमी का गोकुळाष्टमी?" हे म्हणाले, "नळीची."

हळूहळू नाव झालं. समुद्राला जायचं म्हटलं की लोक आधी आपांच्या दारात. भोंगवलीचे एक गुरुजी मुलीच्या लग्नानंतर बायकोला घेऊन कोकणात निघाले, तर सल्ल्याला आले. एक बँकेतले अधिकारी अंदमानला चालले होते, तेही येऊन बसले. आपा मालवणच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या, तरी अंदमानविषयी त्यांनी बेधडक सांगितलं, "तिथं बी नदीच्या तोंडाशी बसू नका, आणि जायच्या आधी चांद बगा." अधिकारी परत आले ते पेढे घेऊनच. पुण्याच्या माझ्या जावेला हे सांगितलं तर ती हसत सुटली, भोरला कुठला गं समुद्र? मी म्हटलं, समुद्र नाही, पण समुद्र निवडून देणारी बाई आहे आणि ती माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. मला त्याचा अभिमान होता. माज होता म्हटलं तरी चालेल.

आणि मग एका वर्षी ते पाणी सापडलं. मालवणच्या अलीकडे एका वाडीजवळ खडकांनी दोन्ही अंगांनी कवेत घेतलेला समुद्राचा लहानसा तुकडा होता. काठाला वाळू, एका बाजूला खडक, लाट म्हणाल तर नुसती सुरकुती. आपांनी बशी सोडली. नाडी सुटत गेली, सुटत गेली आणि संपली, तरी बशी खाली पांढरीशुभ्र. एक पिवळ्या पट्ट्यांचा मासा आला, त्यानं बशीला प्रदक्षिणा घातली आणि निघून गेला. आपांनी माझा दंड धरला.

"मंगल, हे इरफानच्या मापाचं हाय."

पुढची सुट्टी यायला अवकाश होता. पण त्याच आठवड्यात मस्कतला फोन गेला. "तुज्या सायबाला सांग, अष्टमीच्या आदी मला घरी पोचवा." साहेबाला काय कळलं असेल ते असो, इरफान वेळेवर आला.

उंचनिंच, शांत मुलगा. आल्याआल्या तो दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी आपांनी सहलीचं काढलं तर म्हणाला, "अम्मी, मी बारमाही पाण्यातच असतो गं. सुट्टीत तरी कोरडा राहू दे की."

आपांनी चष्मा आणि नळी खिळ्याला अडकवून ठेवली आणि त्या मशीनवर बसल्या. मला त्या मुलाचा असा राग आला म्हणून सांगू! या बाईनं तुझ्यासाठी अख्खा किनारा पालथा घातला आणि तू म्हणतोस कोरडा राहू दे? शोभाताईसुद्धा चिडल्या. ज्यांनी आयुष्यभर गॅलरी मागितली, त्या इरफानला दारात गाठून म्हणाल्या, "अरे, आम्ही तुझ्यासाठी शिसं नेसून विहिरीत लटकलो!" शेवटी आईचा अबोला बघून तो तयार झाला.

वाडीत पोहोचलो त्या दिवशी समुद्र आपांच्या आज्ञेतला होता. आपा आणि शोभाताई आडोशाला कपडे बदलायला गेल्या. इरफान खडकावर पाय सोडून बसला होता, मी शेजारी. पाण्याकडे बघता बघता तो म्हणाला, "काकी, एक सांगू? अम्मीला बोलू नका."

"सांग."

"मी काम करतो तिथं काही दिसत नाही. बंदराचं पाणी ते. तेल, गाळ. वर जहाजाची सावली. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नाही. सगळं चाचपून करायचं."

"मग ते निळं पाणी? पोपटी मासे?"

"हापिसात भिंतीवर एक चित्र आहे." तो ओशाळं हसला. "चष्मा आणून दिल्यावर पहिल्याच फोनला तिनं विचारलं, पाणी कसं हाय. खरं सांगितलं असतं तर झोपली असती का ती? म्हणून चित्रातलं सांगितलं. मग दर फोनला सांगत गेलो. आता ह्या पाण्यात उतरलो की तिला कळणार, मी हे पहिल्यांदा बघतोय म्हणून. शाळेतनं आलो की माझं तोंड बघून ती मार्क सांगायची."

म्हणून तो कोरडा राहायचं म्हणत होता. माझा सगळा राग विरघळला आणि त्याची जागा काळजीनं घेतली. इतकी वर्षं ही बाई ज्या पाण्याच्या मापानं सगळा किनारा मोजत होती, ते पाणी जगात नव्हतंच. हे तिला कळलं तर? माझ्या पोटात काही राहत नाही हे आळीला माहीत आहे. मी उठले आणि आडोशाकडे गेले. आपा एकट्याच चष्म्याचा पट्टा आवळत बसल्या होत्या.

"आपा," मी म्हटलं, "त्याला नसेल उतरायचं तर राहू दे ना. नुसतं काठावर बसू."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं व्हय त्यानं तुला?"

मी पायानं वाळू उकरू लागले.

"मागल्या सुट्टीला आला व्हता," आपा पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तवा सांजच्याला लाईट गेली. लोडशेडिंग. माजं ब्लाउज मशीनवर निम्मं, आणि सुईतनं दोरा निसटलेला. म्या मेणबत्ती हुडकाय आत गेले. बाहेर येती तर ह्यानं सुई ओवून ठेवलेली. मिट्ट काळोखात. बोटानं नेढं चाचपून. मला दिवसाढवळ्या चष्मा लावून ओवता येत न्हाई, मंगल. दोन पिढ्या पोरींना शिवण शिकवलं म्या. आंधारात सुई कुणाला ओवता येती, मला कळत न्हाई व्हय? त्या दिवशीच समजलं, माजं पोरगं कसल्या पाण्यात काम करतं ते."

"मग त्याला बोलला का नाहीत?"

"त्यानं माज्यासाठी एवढं निळं पाणी केलं. ते म्या कशाला गढूळ करू?"

आणि त्या उठल्या. म्हणजे ती नाडी, ती बशी, ते चांदाचं कॅलेंडर, निदान त्या सुट्टीपासूनचं तरी सगळं, लेक बघतो ते आपण बघावं म्हणून नव्हतं. लेकानं कधी बघितलं नाही ते त्याला एकदा दाखवावं म्हणून होतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त त्या बाईचा अभिमान वाटला. नसलेलं पाणी तिनं हुडकून आणलं होतं.

आपा छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. "इरफान! ये की रं. का सायबाची चिठ्ठी पायजे?"

तो उतरला. मस्कतच्या बंदरातला पाणबुड्या मान खाली घालून आईसमोर उभा राहिला आणि आईनं त्याला चष्मा घातला, पट्टा ओढून पाहिला, शाळेतल्या पोरीची शिलाई तपासावी तशी कडेनं बोटं फिरवून फट कुठं राहिली नाही ना ते तपासलं. मग नळी त्याच्या तोंडात दिली. शोभाताईंचा चष्मा आणि नळी स्वतःला चढवली, आणि दोघांनी एकदम पाण्यात तोंडं घातली. मी खडकावरून बघत होते. पाणी इतकं नितळ होतं, की त्यांच्या पायांभोवती फिरणारे मासे मला वरूनही दिसत होते.

थोडा वेळ दोघं तशीच होती. मग इरफानचे हात हळूहळू पुढे आले. बोटं पसरून, खडकाच्या दिशेनं, काही तरी शोधत असल्यासारखे. सवयीनंच आले असणार.

आपांचं डोकं वर आलं. त्यांनी नळी तोंडातून काढली आणि त्याच्या मनगटावर एक चापट मारली. तो दचकून उभा राहिला.

"हात मागं घे," आपा म्हणाल्या. "हितं चाचपायचं न्हाई. नुसतं बग."

इरफान आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. बराच वेळ त्यानं ते वर काढलं नाही.